पावसाळ्यात कमानीने विस्तव पाडताना धूर येतो, पण निखारा धरत नाही

कुंभार्ली

कमान-दांडीने विस्तव पाडण्याबद्दल विचारायचं आहे. उन्हाळ्यात ज्या साहित्यावर दीड-दोन मिनिटांत निखारा पडतो, त्याच साहित्यावर जुलैत काहीच होत नाही. लाकूड भिजलेलं नाही. पडवीत ठेवलेलं आहे, पण हवा दमट आहे.

फळी पांगाऱ्याची, १८ मिमी जाड आणि ६ सेंमी रुंद. दांडीही पांगाऱ्याचीच, २० मिमी व्यासाची, २२ सेंमी लांब. कमान निर्गुडीची ६५ सेंमी, तिला ४ मिमी नायलॉनची दोरी. वरून दाबायला लाकडी ठोकळ्यात बसवलेला करवंटीचा तुकडा, आतून खोबरेल लावलेला. भुकटी पडायची खाच ४५ अंशांची, दांडी फिरते त्या खळीच्या जवळजवळ मध्यापर्यंत नेलेली.

दिसतं ते असं: वीसेक फेऱ्यांतच पांढरा धूर सुटतो, हात थांबला की लगेच विरतो. भुकटी तपकिरी, बोटांत चोळली तर तिच्या वळ्या होतात. दांडीचं टोक काळं गुळगुळीत न होता कुंचल्यासारखं फिसकारतं. दोरी मधूनमधून घसरते.

ओलावाही मोजला. त्याच फळीचा तुकडा १४२ ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवल्यावर ११४ ग्रॅम उरला. म्हणजे कोरड्या वजनाच्या साधारण २४.५ टक्के पाणी.

दाब वाढवू की वेग? की पांगाराच सोडून देऊ?

सुतारपक्षी

तोलून मोजलंत हे फार चांगलं केलंत, कारण सगळं उत्तर त्या आकड्यात आहे. २४.५ टक्क्यांवर दाब वाढवूनही निखारा पडणार नाही आणि वेग वाढवूनही नाही. हात तेवढे दमतील.

कारण साधं आहे. भुकटी पेट घ्यायला ती चारशे अंशांच्या आसपास जावी लागते. लाकडात पाणी आहे तोवर घर्षणाची उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते आणि टोकाचं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं. तुम्हाला दिसतोय तो धूर नाही, बरीचशी वाफ आहे. वाफ पांढरीशुभ्र असते, डोळ्यांना झोंबत नाही आणि हात थांबला की नाहीशी होते. खरा धूर निळसर, झोंबरा असतो आणि थांबल्यावरही भुकटीच्या ढिगातून वर येत राहतो. भुकटीच्या वळ्या होणं आणि टोक फिसकारणं ही ओलाव्याचीच लक्षणं. लाकूड कोरडं असेल तर तंतू तुटून पूड होते, ओलं असेल तर तंतू वाकतात आणि पिळले जातात.

आता दिलासा देणारी गोष्ट. सगळं लाकूड वाळवायची गरज नसते. तुमच्या २० मिमी दांडीच्या शेवटच्या एका सेंटीमीटरात पाणी आहे जेमतेम पाव ग्रॅम. फळीतही खळीभोवतालचा रुपयाएवढा भागच कामाचा. तेवढा भाग घर्षणानेच वाळवता येतो. अट एकच, वाळवणं आणि निखारा पाडणं ही दोन कामं वेगवेगळी करायची. दोन्ही एका दमात करायला गेलं की पावसाळ्यात हमखास फसतं.

वाळवताना फळीला खाच पाडू नका. नुसती खळी करा. ३०-४० फेऱ्या, हलका दाब, कमान पूर्ण लांबीने आणि शांत लयीत. वाफ दिसली की थांबा, दांडी उचला, खळी आणि टोक दोन्ही उघडी ठेवून वाफ निघून जाऊ द्या. अर्धा मिनिट पुरतं. टोकावरचे फिसकारलेले तंतू सुरीने खरवडून टाका, खळीतली भुकटी झटकून फेका. पुन्हा ३०-४० फेऱ्या. असं चार ते सहा वेळा. दर वेळी भुकटी जास्त काळी, जास्त बारीक आणि जास्त सुटी होत गेली पाहिजे. बोटांत चोळल्यावर वळी न होता कॉफीच्या पुडीसारखी पसरली की वाळवणं झालं.

मगच खाच पाडा, तीही लगेच, टोक गरम असतानाच. खाच आधीपासून असेल तर पहिल्या फेऱ्यांची ओली भुकटी तिच्या तळाशी बसते. नंतर येणारी गरम भुकटी त्या ओल्या थरावर पडते आणि तिची उष्णता तो थर शोषून घेतो. निखारा न धरण्याचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि ते लक्षातच येत नाही, कारण वरून सगळं व्यवस्थित दिसत असतं.

शेवटचा दम असा: पहिलं मिनिट हलक्या दाबाने, फक्त उष्णता साठवायला. खाच काळ्या भुकटीने भरत आली की दाब थोडा वाढवा. मग शेवटच्या २०-३० फेऱ्या जितक्या जोरात जमतील तितक्या. उलट क्रमाने, म्हणजे आधी जोर आणि मग दमून मंद, असं केलं तर भुकटी भरते पण थंड राहते.

मापांत दोन बदल करा. दांडी २० ऐवजी १५ मिमी घ्या. घासणारं क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येतं, म्हणजे वाळवायचं लाकूडही निम्मं आणि तेवढ्याच मेहनतीत टोक जास्त तापतं. दांडी लवकर झिजते, म्हणून ती २५ सेंमीची ठेवा. फळी १८ ऐवजी १२ मिमी. जाड फळी खालच्या बाजूने ओल पुरवत राहते.

फळी थेट जमिनीवर किंवा कातळावर टेकवू नका. खाली दोन काटक्या आडव्या घाला आणि खाचेखाली वाळलेल्या सालीचा किंवा लाकडाच्या ढलपीचा पातळ तुकडा ठेवा. ओल्या दगडावर पडलेली भुकटी तिथेच संपते.

रानमेवा

वरचं सगळं पटलं. लाकडाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. पावसाळ्यासाठी पांगारा चुकीची निवड आहे. लाकूड हलकं आणि भुसभुशीत, उन्हाळ्यात त्यासारखं दुसरं नाही, पण हवेतली ओल ते स्पंजासारखं ओढतं. काटेसावरीचं तेच, शिवाय ती ओलीत लवकर कुजते. शेवग्याच्या नादाला लागूच नका, फिसकारण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

घायपात पाहा. फुलून गेलेल्या घायपाताचा दांडा वाळल्यावर महिनोन्‌महिने उभाच असतो. बाहेरची साल टणक असल्यामुळे पाणी निथळून जातं आणि आतला गाभा हलका राहतो. तो उभा चिरला की सपाट बाजू वर ठेवून उत्तम फळी होते. दांडीसाठी तुरीची जाड तुरकाठी घ्या, बुडाकडची, सरळ आणि दीड सेंमीच्या आसपासची. तुरकाठी ठिसूळ असते, जास्त दाबली तर मधून मोडते, पण तिची भुकटी बारीक पडते आणि चटकन काळी होते. रुईची जाड वाळलेली काडीही चालते. तिचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून ओली रुई तोडून वाळवत बसू नका. झाडावर वाळलेलीच घ्या आणि नंतर हात धुवा.

बाभूळ, खैर, ऐन ही लाकडं दांडी-फळीला नकोत. कठीण असल्यामुळे खळीला नुसती चकाकी येते आणि चरचर आवाज होतो. खैराचा तुकडा वरून दाबायच्या टोपणाला मात्र छान.

लाकूड कुठून घेता यावर निम्मं काम ठरतं. जमिनीवर पडलेलं पावसाळ्यात घेऊच नये. उभं वाळलेलं किंवा दुसऱ्या फांदीत अडकून लोंबणारं घ्या. मोडून पाहा: टचकन आवाज करून तुटलं तर ठीक, वाकून मग तुटलं तर सोडा. ओठाला लावून पाहा, ओलं लाकूड थंड लागतं. काटकीपेक्षा मनगटाएवढी फांदी फोडून तिच्या गाभ्यातून दांडी काढा. सततच्या पावसातही बरेचदा ओल बाहेरच्या सेंटीमीटरभरच गेलेली असते.

आणि हे सगळं अंगणात किंवा शेतात करा. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, भर पावसातसुद्धा. अभयारण्यातून परवानगीशिवाय लाकूड उचलणं हाही गुन्हाच.

कुंभार्ली

खाच नंतर पाडायची, ही गोष्ट कुठेच वाचली नव्हती. दोन शंका. लाकूड घरीच आधी वाळवून ठेवायचं असेल तर कुठे? पडवीत दोन महिने ठेवूनही ओलावा कमी होत नाहीये. आणि भटकंतीत ते पुन्हा ओल धरणार नाही, यासाठी काय करायचं?

सुतारपक्षी

पडवीत तो कमी होणारही नाही. लाकूड हवेशी समतोल साधतं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर थांबतं, आर्द्रता ९० असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. पडवीत अख्खा पावसाळाभर ठेवलंत तरी १८-२० च्या खाली येणार नाही. तुमचं २४ आहे, म्हणजे कुठूनतरी जास्तीची ओल लागतेय. फळी भिंतीला टेकवलेली असेल तर तिथून हलवा.

उष्णता हवी किंवा बंद कोरडी जागा हवी. चुलीवरचा माळा ही त्यासाठी सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात चांगली जागा. चूल नसेल तर फ्रिजच्या मागे किंवा वर. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलंत तर पातळ फळी आठवडा-दहा दिवसांत बरीच उतरते. वजन लिहून ठेवा. तुमच्या तुकड्याच्या हिशोबाने १४२ चे १२८ झाले की तुम्ही १२ टक्क्यांवर आलात. तिथून पुढे कष्ट निम्मे होतात.

ओव्हनमध्ये १०३ अंशांवर पूर्ण वाळवलेला तुकडा मात्र वापरू नका. तो तडकतो, आणि बाहेर काढताच ओल ओढायला लागतो.

ओविली

ओल धरू नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर अग्निहोत्राच्या अरणीत, म्हणजे यज्ञाचा अग्नी घर्षणाने पाडायच्या लाकडी साधनात आहे. त्या उपकरणाकडे आपण फक्त विधी म्हणून पाहतो, पण रचना म्हणून पाहिलं तर ते फार विचारपूर्वक केलेलं आहे.

त्याचे भाग असे: खाली अधरारणी, म्हणजे आपली फळी. उभा फिरतो तो चात्र. चात्राच्या खालच्या टोकात बसवलेला लाकडाचा छोटा तुकडा म्हणजे प्रमंथ, तो उत्तरारणीतून, म्हणजे वरच्या अरणीच्या लाकडातून काढतात. चात्राच्या डोक्यावर आडवी दाबून धरायची ती ओविली, तीच तुमची करवंटी. आणि दोरी म्हणजे नेत्र. जुन्या मापांत प्रमंथ ८ अंगुळे, चात्र १२, ओविली १२, आणि नेत्र एक व्याम, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी, गाईच्या शेपटीचे केस आणि ताग एकत्र वळून केलेली. ओविलीला खैर सांगितलाय, रानमेवा यांनी टोपणासाठी सुचवला तोच.

यात तुमच्या कामाचं काय? घासला जाणारा तुकडा फिरणाऱ्या दांडीपासून वेगळा आहे. दांडी कशाचीही असो, कितीही ओली असो, फक्त तो छोटा प्रमंथ कोरडा हवा. म्हणून भटकंतीत २५ सेंमीची दांडी सांभाळत बसू नका. घायपात किंवा तुरकाठीचे ६-७ सेंमीचे चार तुकडे खडखडीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवा. बरोबर १२ मिमी जाडीची फळी, तळहाताएवढी, त्याच डब्यात मावेल अशी. दांडी तिथल्या तिथे कोणत्याही सरळ काठीची करा.

जोड नीट हवा, नाहीतर टोक डगमगतं आणि खळी मोठी होत जाते. दांडीच्या बुडाला दीड सेंमी खोल चौकोनी भोक करा, प्रमंथाचं वरचं टोक त्याच मापाचं चौकोनी तासा आणि ठोकून बसवा. गोल भोकात गोल टोक बसवलंत तर जोर लागताच ते आतल्या आत फिरेल आणि सगळं घर्षण चुकीच्या जागी होईल. दांडी चिरू नये म्हणून भोकाच्या बाहेरून सुतळीचे आठ-दहा घट्ट वेढे द्या. दांडी ओली असेल तर प्रमंथ रात्रभर त्यात बसवून ठेवू नका. लाकडातली ओल तंतूंच्या दिशेने चटकन पसरते, तासाभरात खाली उतरते. बसवायचं आणि लगेच फिरवायचं.

दुसरी गोष्ट, कमान सोडून द्या आणि दोघांनी करा. एकाने दोन्ही हातांनी ओविली दाबून दांडी उभी धरायची, दुसऱ्याने दोरीचे तीन वेढे देऊन दोन्ही टोकं ताक घुसळल्यासारखी आळीपाळीने ओढायची. ६५ सेंमीच्या कमानीला २ सेंमीच्या दांडीवर एका ओढीत आठ-नऊ फेरे मिळतात. दोरीची मीटरभर ओढ मिळाली तर सोळा. शिवाय दाबणारा आणि ओढणारा वेगळा असल्यामुळे दोघांचीही लय मोडत नाही. ओल्या लाकडावर हा फरक फार मोठा पडतो.

करवंद

दोरीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि घसरतं. पॉलिएस्टरची दोरी पाण्याने फारशी ताणत नाही, ४-५ मिमीची घ्या. सुती दोरी पकड छान देते, पण भिजली की जड होते. काथ्या या कामाला टिकत नाही. घसरण थांबवायला दांडीच्या मधल्या भागाला किंचित आठकोनी ठेवा, गोल घासून गुळगुळीत करू नका. त्यावर राळेचा खडा चोळला तर आणखी पकड येते. राळ चुकूनही खालच्या टोकाला लावू नका, तिथे ती वितळून भुकटीला चिकट करते. दोरी इतकी घट्ट हवी की दांडी कमानीत बसवताना थोडी झटापट करावी लागेल. चालवताना ढिली पडली तर कमान धरलेल्या हाताच्या बोटांनी दोरी कमानीकडे दाबून धरा.

आणि एवढं करून निखारा पडला, तरी पावसाळ्यात खरी फजिती पुढेच होते. निखारा हरभऱ्याएवढा, आणि पेटवण ओलं.

निखारा धरला की लगेच उचलू नका आणि फुंकू नका. फळी खालच्या सालीवर दाबून ठेवा, काडीने खाचेतली भुकटी हलकेच मोकळी करून फळी बाजूला घ्या. मिनिट-दोन मिनिटं हाताने हळू वारा घाला. तेवढ्यात निखारा आतून पसरतो आणि ढिगाचा एक गोळा होतो. ओठांनी फुंकलंत तर श्वासातली वाफही त्यावर जाते.

मग निखारा थेट गवतात टाकण्याऐवजी मधला एक टप्पा घ्या. भेर्ली माडाच्या पानाच्या देठाच्या बुडाशी तपकिरी लव असते, ती बिनज्योतीची फार छान धुमसते. ती चिमूटभर, त्यात वाळवताना खरवडलेल्या टोकाची कोरडी काजळी चुरून मिसळा. हरभऱ्याचा निखारा त्यात लिंबाएवढा होतो. वाळवतानाची भुकटी टाकून द्यायची म्हटलंय ते बरोबर आहे, पण शेवटच्या एक-दोन वेळची काळी भुकटी या कामासाठी पुडीत ठेवा.

बाहेरचं घरटं नारळाच्या शेंडीचं. शेंडी हातांनी चोळून, कूस झटकून, रेषा सुट्या करून घ्या. सावरीचा कापूस आवडीने वापरतात, पण तो एकटा घातलात तर भसकन जळून संपतो. शेंडीत थोडा मिसळा. घरटं मुठीएवढं नको, दोन्ही ओंजळी भरतील एवढं हवं. ओलसर पेटवणाची मधली उष्णता बाहेरचा थर वाळवते आणि मग तो पेटतो, त्यासाठी जाडी लागते. सुरुवातीला घट्ट धरा, धूर दाट पिवळट झाला की थोडं सैल करून लांब फुंकर घाला.

ज्योत आली की वर ठेवायला पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या किमान दोन मुठी तयार हव्यात, त्याही साल सोललेल्या. पाणी सालीत जास्त असतं.

रानमेवा

एक भर. घायपात किंवा तूर काहीच हाती लागलं नाही आणि आजूबाजूला बांबू असेल, तर कमानीचा हट्ट सोडा. आतून पोकळ असलेला बांबू घ्या, उभा वाळलेला, पिवळट-करडा झालेला आणि ठोकल्यावर खणखणीत वाजणारा. बाहेरून कितीही पाऊस पडला तरी त्याची गुळगुळीत पाठ पाणी आत घेत नाही. सुमारे ४० सेंमीचं कांडं उभं चिरा. एका अर्ध्याच्या पाठीवर आडवी खाच करा, मध्ये आतपर्यंत बारीक चीर जाईल इतकी खोल. दुसऱ्या अर्ध्याची कड सुरीने धारदार करा. बांबूच्या पाठीची हिरवट-पिवळी कातडी खरवडून तिचा मऊ कीस काढा आणि त्या चिरेखाली, पोकळ बाजूने, दुसऱ्या चिपेने दाबून बसवा. तो दुसरा अर्धा धारदार कड वर ठेवून जमिनीवर घट्ट रोवा आणि खाच त्या कडेवर पुढे-मागे करवतीसारखी चालवा. इथेही आधी मंद, शेवटी जोरात. भुकटी चिरेतून थेट त्या किसावर पडते, त्यामुळे निखारा उचलून हलवावा लागत नाही.

दाब जास्त लागतो आणि कड दर खेपेला नव्याने धार करावी लागते. चिरलेल्या बांबूची कड सुरीसारखी कापते, म्हणून हातमोजे किंवा फडकं गुंडाळूनच धरा.